रॉइस केटनर सुटतोय

ड्राय फोर्क, मॉंटाना
३ मार्च २०१३

प्रिय ऑर्फा आत्या,

फोनच करणार होते. पण मागच्या वेळी मी अर्धा तास छताच्या गळतीबद्दल बोलले आणि शेवटी तू विचारलंस, "मग बाळाचं नाव काय ठेवलं?" म्हणून आता पत्रच बरं.

बाबा ठीक आहेत. थंडीत गुडघा दुखतो, मग १९५८ साली ज्या घोड्यानं लाथ मारली त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. अठ्ठ्याहत्तरी झाली तरी शिव्यांची आठवण अजून शाबूत आहे. शाळेतलं स्वयंपाकाचं काम चालू आहे. रोज एकशे चाळीस पोरं आणि एकशे चाळीस तक्रारी.

तुला एक विचारायचं होतं. यंदा रानकोल्ह्यांनी फार उच्छाद मांडलाय. दोन मेंढ्या गेल्या. गॉर्डी मला विधवा करून गेला त्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून त्याची रायफल भिंतीवर टांगलेली आहे, तीच ती, खालचा दांडा खाली-वर करून काडतूस भरायची. मी आयुष्यात चार-पाचदा झाडली असेन. तू एकेकाळी नेमबाजीत राज्यात पहिली आली होतीस, म्हणून तुलाच विचारते. नीट शिकायचं तर कुणाकडे जावं? पंधरा-वीस पावलांवरून चटकन नेम कसा धरतात? समजा आपण दाराच्या आत उभे असलो तर? आणि हे सगळं माझ्या पगारात बसायला हवं.

तुझी,
मार्लिस


डुलुथ, मिनेसोटा
१२ मार्च २०१३

प्रिय मार्लिस,

बाळाचं नाव काय ठेवलं ते तू अजून सांगितलेलं नाहीस.

मी एक्याऐंशी वर्षांची आहे. कान गेलेत, डोकं नाही. कान का गेले तेही ऐकून ठेव. आमच्या वेळी कानात बोळे घालायची लाज वाटायची. तू शिकशील तेव्हा पहिली खरेदी कानावरच्या झाकणांची कर, काडतुसांची नंतर.

आता तुझ्या रानकोल्ह्यांबद्दल. रानकोल्हा माणसाला दोनशे पावलांवर दिसतो आणि दीडशेवर पळून जातो. वीस पावलांवर तो तुझ्याकडे काय जेवायला येतो का? आणि रानकोल्ह्याला दाराच्या आत उभं राहून कोण मारतं गं? छपरावरून मारतील, ट्रकमधून मारतील.

तुझ्या या रानकोल्ह्याला नाव आहे का?

ते कळल्याशिवाय मी एक अक्षर शिकवणार नाही.

ऑर्फा


ड्राय फोर्क
२४ मार्च

प्रिय आत्या,

आहे. रॉइस केटनर.

तीन मैलांवर राहायचा. त्याची बायको ट्वायला माझ्या हाताखाली शाळेच्या स्वयंपाकघरात होती. भांडी घासताना बाही वर करायची नाही, उन्हाळ्यातसुद्धा. एक दिवस तो तिला न्यायला आला आणि मागच्या आवारात, माझ्या देखत, तिचा हात ट्रकच्या दारात घालून त्यानं दार लोटलं. एकदा नाही, दोनदा. मी कोर्टात जे पाहिलं ते सांगितलं. दुसरं कुणी सांगायला तयार नव्हतं. त्याला शिक्षा झाली. बाहेर नेत असताना तो माझ्या जवळून गेला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "तुझ्या म्हाताऱ्याला पळता येत नाही, नाही का?"

सरकारकडून पत्र आलंय. चौदा सप्टेंबरला तो अटींवर सुटतोय. माझ्याजवळ फिरकायचं नाही अशी अट आहे म्हणे. शेरीफ भला माणूस आहे, त्यानं खरं काय ते सांगितलं, "मार्लिस, तू फोन केलास तरी आम्हाला तुझ्याकडे पोचायला पाऊण-एक तास लागतो." बाबांना म्हटलं, काही महिने गावात खोली घेऊ. तर म्हणतात, "मी या घरातून एकदाच निघणार आहे, आणि तेव्हा मला चौघं उचलतील."

ट्वायला कुठे आहे ते इथे फक्त मला ठाऊक आहे. तुलासुद्धा सांगणार नाही.

तर सहा महिने आहेत. मी सुरुवात केली. शहरात दोन दिवसांचा वर्ग होता, माझा अर्ध्या महिन्याचा पगार. बरोबर तीनशे काडतुसं आणायला सांगितलेली. यंदा दुकानात बावीस नंबरच्या छोट्या काडतुसांची साधी डबीसुद्धा माणशी एकच मिळते, तीनशे कुठली आणू? तिघांकडून उसनी गोळा केली. शिकवणारा दाढीवाला, अंगावर वीस खिसे, प्रत्येक वाक्यात 'शत्रू'. बोलता बोलता त्यानं बंदूक अशी फिरवली की नळी आमच्या सगळ्यांच्या पोटांवरून गेली. मी म्हटलं, "अहो, नळी!" तर हसला, "घाबरू नका बाई, रिकामी आहे." जेवणाच्या सुट्टीत मी सामान गोळा करून निघून आले. पैसे परत मिळाले नाहीत.

मी चुकले का?

मार्लिस


डुलुथ
४ एप्रिल

प्रिय मार्लिस,

चुकली नाहीस. तू त्या वर्गातली एकटीच काहीतरी शिकलीस.

आता कान देऊन वाच. 'रिकामी आहे' म्हणणारा कितीही मोठा असो, त्याच्याकडून निघून यायचं. चांगला शिकवणारा पहिल्या दिवशी तुला कमी झाडायला लावतो आणि फार पाहायला लावतो. तो स्वतःच्या गोष्टी सांगत नाही. तुला घाई झाली की त्याला राग येतो. असा माणूस जाहिरात देत नाही, म्हणून जाहिराती पाहू नकोस. धान्याच्या कोठारावर विचार, पशुवैद्याला विचार, चर्चमधल्या म्हाताऱ्यांना विचार की तुमच्या पोरांना बंदूक कुणी शिकवली.

काडतुसं नाहीत म्हणून रडू नकोस. मी सगळ्यात जास्त शिकले ते एकही गोळी न झाडता. रायफल रिकामी कर. पुन्हा बघ रिकामी आहे का. बोट घालून बघ. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेव आणि ते दार लावून घे. मग तळघरात जा, जिथे भिंतीमागे नुसती माती आहे, भिंतीवर शर्टाचं बटण चिकटव आणि त्यावर नेम धरून चाप ओढ. हळू. नळीच्या टोकावर एक नाणं ठेव. खटका पडल्यावर नाणं पडलं नाही तर तुझा हात शहाणा झाला. रोज दहा मिनिटं. दहाच. अकराव्या मिनिटाला माणूस आळशी होतो. याला छदाम लागत नाही.

गॉर्डीच्या रायफलीसारखीच, पण बावीसची बंदूक कुणाकडे तरी असेल. ती माग. तोच दांडा, तोच खटका, काडतूस मात्र स्वस्त. मोठीचं काडतूस महिन्यातून पाच वेळा झाडलंस तरी पुरे.

टपालानं काडतुसं पाठवता येत नाहीत, नाहीतर पाठवली असती. सोबत कानाची झाकणं पाठवली आहेत. लाल रंग मीच निवडला.

ऑर्फा


ड्राय फोर्क
२ जून

प्रिय आत्या,

मास्तर सापडला!

पशुवैद्य म्हणाले, "इनोस लिंडक्विस्टला विचार." हा इनोस पियानो दुरुस्त करतो. चार जिल्ह्यांतल्या चर्चचे आणि शाळांचे पियानो सुरात लावत फिरतो. त्याआधी पंचवीस वर्षं सैन्यात पोरांना नेमबाजी शिकवायचा. बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, "छान! एक आंधळी कोशिंबीर खेळणारा शिकवायला नि एक लंगडा पहारा द्यायला. केटनर हसूनच मरेल." (मास्तरांचा चष्मा जाड आहे.)

दर शनिवारी सकाळी जुन्या खडीच्या खाणीत भरतो आमचा वर्ग. मास्तर पैसे घेत नाहीत. क्लबची वर्षाची वर्गणी भरायची आणि अर्धा तास आधी येऊन सगळ्यांनी मिळून खाण झाडायची, बस. आम्ही सात जण आहोत. एक नर्स, एक बाप-लेक, दोघं शेतकरी, पोस्टातल्या बाई आणि मी. पहिले दोन शनिवार एकही गोळी नाही! नुसतं धरायचं कसं, ठेवायचं कसं, द्यायचं कसं. मी म्हटलं, "मास्तर, मला सप्टेंबरच्या आत यायला हवं." ते म्हणाले, "मग तर सावकाशच शिकावं लागेल."

त्यांनीच बावीसची बंदूक वापरायला दिली. तळघरातलं बटण रोज चालू आहे. नाणं आता दहातून आठदा टिकतं. पण पहिला महिना रडकुंडीला आले होते. चापाला बोट लागलं की डोळे मिटायचे, आपोआप, जशी गरम तेलात पुरी सोडताना नवखी पोरगी मिटते. मास्तर ओरडले नाहीत. न सांगता त्यांनी कधी काडतूस भरून दिलं, कधी रिकामी. रिकामीवरसुद्धा मी दचकायची. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. दहा वेळा असं झाल्यावर मलाच हसू आलं, आणि डोळे मिटायचे थांबले.

काल गंमत झाली. मास्तरांनी पुठ्ठ्याची माणसं उभी केली, पाठमोरी. शिट्टी वाजली की दोरीनं वळतात. कुणाच्या हातात बंदूक रंगवलेली, कुणाच्या हातात भलतंच. बघायचं, ठरवायचं, मग झाडायची नाहीतर नाही. माझी छाती अशी धडधडत होती की वळल्याबरोबर मी झाडली. बरोबर छातीच्या मध्यावर! इतका सुंदर नेम माझा कधी लागला नव्हता. जवळ जाऊन बघते तर पुठ्ठ्याच्या माणसाच्या हातात दुधाची बाटली. पोस्टाच्या बाई म्हणाल्या, "गेला बिचारा गवळी!" सगळे पोट धरून हसले, मीही हसले. मास्तर मात्र हसले नाहीत.

पण नेम बघ ना आत्या, अगदी मध्यावर!

मार्लिस


डुलुथ
१३ जून

प्रिय मार्लिस,

तुझे मास्तर हसले नाहीत, मीही हसले नाही.

तुझ्या बापाला कुठल्याही घोड्यानं लाथ मारलेली नाही.

१९५८च्या उन्हाळ्यात मी राज्यात पहिली आले. शरद ऋतूत आईवडील मावशीकडे गेले होते, मी घरी एकटी. आसपास चोऱ्या होत होत्या, आमचीही दोन खोगिरं गेली होती. एका सकाळी दाट धुकं होतं. मागच्या पायऱ्यांवर बूट वाजले. दाराची मूठ फिरली. मी विचारलं नाही, 'कोण आहे?' मला वाटलं, मी राज्यात पहिली आलेली, मी कशाला विचारू! मी दारातून गोळी झाडली.

आल्डन, तुझा बाप, सैन्यातून रजेवर आला होता. मला चकित करणार होता. तेवीस वर्षांचा होता. गोळी गुडघ्यात लागली. दार थोडं जाड होतं, आणि मी थोडी खाली धरली होती, एवढंच. त्यात माझी काही हुशारी नाही.

डॉक्टर म्हणजे आमचे काकाच. आल्डननं शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय म्हटलं असेल? "काका, घोड्यानं लाथ मारली." काकांनी तेच लिहून घेतलं. आईवडिलांना त्यांच्या मरणापर्यंत कळलं नाही. पंचावन्न वर्षांत आम्ही दोघं त्यावर एक शब्द बोललो नाही. मी त्यानंतर बंदुकीला हात लावला नाही. सगळ्यांना वाटतं, कान गेले म्हणून सोडलं.

मार्लिस, नेम लागणं सोपं असतं. मला नेम शिकवणारे चार जण भेटले. थांबायला शिकवणारा एकही नाही. तुला भेटलाय. त्याला सोडू नकोस. त्या दुधाच्या बाटलीपुढे पुन्हा उभी राहा, पन्नास वेळा राहा.

हे पत्र आल्डनला दाखवायचं की नाही, तू ठरव.

ऑर्फा


ड्राय फोर्क
३० जून

प्रिय आत्या,

चार दिवस पत्र एप्रनच्या खिशात घेऊन फिरले. मग वाचून दाखवलं.

बाबा बटाटे सोलत होते. सोलतच राहिले. सगळं पत्र संपलं तरी मान वर केली नाही. मी म्हटलं, "बाबा?" तर म्हणाले, "ऑर्फाला लिही, घोडाच होता तो." थोड्या वेळानं म्हणाले, "आणि घोड्याला मी त्याच दिवशी माफ केलं. शिव्या देतो त्या गुडघ्याला." मग सुरी खाली ठेवून ते मागच्या अंगणात गेले आणि बराच वेळ कुंपणाला टेकून उभे राहिले. आत आले तेव्हा डोळे लाल. म्हणे कांदा. सोलत होते बटाटे.

जेवताना स्वतःहून बोलले, "चूक माझीही होती. कुणाच्या दाराशी जावं तर हाक मारावी." बाबांनी आता नियमच केलाय. आमच्याकडे येणाऱ्यानं फाटकावरूनच नाव सांगायचं, मग पाद्री का असेना. मागच्या रविवारी पाद्रीसाहेब फाटकावर उभे राहून स्वतःचं नाव ओरडत होते आणि बाबा खिडकीतून म्हणत होते, "मोठ्यांदा! ऐकू येत नाही!"

मी मास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला पुठ्ठ्याच्या माणसांपुढे पुन्हा उभं केलं. काल पंचवीस वळले. सात वेळा झाडायचं होतं, सात वेळा झाडली. अठरा वेळा नाही झाडली. मास्तर म्हणाले, "या अठरांचे गुण जास्त."

एक दिवस ते आमच्या घरी आले, (फाटकावरून हाक मारून) आणि घरभर फिरले. कुठे उभं राहायचं, बाबांनी फोन घेऊन कुठे बसायचं, कुठल्या दिशेला गोळी गेली तर शेजाऱ्यांच्या घराकडे जाईल, सगळं त्यांनी दाखवलं. अंगणात लाकडं फोडायचा जो मोठा ओंडका आहे तो दारापासून पंचवीस पावलांवर येतो. "ही तुझी रेघ," म्हणाले. "आत्ताच ठरव. त्या वेळी ठरवायला वेळ नसतो."

ठरवलं.

मार्लिस


डुलुथ
२५ सप्टेंबर

मार्लिस,

चौदा तारीख गेली. तुझं पत्र नाही. शेजारणीकडून तुला फोन करवला, तर म्हणे कुणी उचलत नाही.

दोन ओळी तरी लिही.

ऑर्फा


ड्राय फोर्क
९ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

आम्ही दोघं सुखरूप आहोत. हे पहिल्यांदा लिहिते, मग बाकीचं. आधी न लिहिल्याबद्दल रागाव, तो तुझा हक्क आहे. वाट बघत बसलेल्या माणसाला लिहिण्यासारखं काही सुचत नाही, आणि अनोळखी फोन उचलवत नाही.

रविवारी सकाळी दहाला आला. बाबा तव्यावर धिरडी घालत होते. कुत्रा भुंकला. फाटकापाशी लाल ट्रक. टोपी डोळ्यांवर ओढलेला माणूस उतरला आणि हाक न मारता फाटक उघडू लागला. मला वाटलं होतं त्या वेळी सगळं विसरेन. पण काय करायचं ते हातांना ठाऊक होतं. बाबा फोन घेऊन मोठ्या लोखंडी चुलीमागे बसले. मी रायफल भरली आणि दगडी धुराड्याच्या आडोशाला, अर्ध्या उघड्या दारापाशी उभी राहिले. नळी खाली. बोट चापाबाहेर.

मी ओरडले, "कोण आहे? नाव सांग!"

उत्तर नाही. चालत येत होता. आत्या, त्या क्षणी तो कुणीही असू शकला असता. पुन्हा ओरडले. तेव्हा त्यानं टोपी काढली.

"पाणी दे गं मार्लिस. लांबून आलोय."

"ओंडक्याच्या अलीकडे आलास तर गोळी घालीन. शेरीफला फोन लागलाय."

तो हसत हसत ओंडक्यापर्यंत आला आणि त्यानं एक पाय उचलून वर ठेवला. मी रायफल खांद्याला लावली, घोडा मागे ओढला आणि बोट पहिल्यांदा चापावर नेलं. त्याच्या शर्टाचं दुसरं बटण दिसत होतं, तळघरातल्यासारखं. त्याच्या मागे नुसती टेकडी होती, तेही मी बघून घेतलं. मी वाट बघत होते. त्यानं दुसरा पाय उचलला असता तर मी झाडणार होते, हे मी तुला देवाशपथ सांगते.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. काय दिसलं त्याला कुणास ठाऊक. पाय खाली घेतला, मागे गेला आणि ट्रकच्या मागच्या फळीवर बसला. मी बोट बाहेर काढलं, घोडा अलगद उतरवला, नळी खाली केली.

त्यानंतर बावन्न मिनिटं.

त्याला ट्वायलाचा पत्ता हवा होता. "एवढंच सांग, मी निघालो." मग म्हणाला तो बदललाय, तुरुंगात देव भेटला. मग रडला. खरंच रडला आत्या, आणि मला क्षणभर वाईट वाटलं.  मग त्यानं बाबांना हाक मारली, "ए म्हाताऱ्या, पोरीला समजाव!" बाबा चुलीमागून फोनवर सगळं सांगत होते, "आता तो मला म्हातारा म्हणाला. लिहून घ्या. आता नाक पुसलं. बाहीला. तेही लिहा." मग शिव्या सुरू झाल्या. मग पुन्हा पाणी. तो दोनदा उठला. दोन्ही वेळा मी "ओंडका" एवढंच म्हटलं. हात शिशाचे झाले होते. तवा जळत होता, त्याचा धूर डोळ्यांत जात होता. मास्तर म्हणायचे तसं मोजून श्वास घेतले.

शेरीफच्या हाताखालची पोलीस बाई आली, तरुण पोरगी आहे. तिला बघून त्यानं आपणहून हात वर केले. ट्रकमध्ये पेट्रोलचे दोन डबे सापडले, दोर सापडला आणि एक कागद. कागदावर आमच्या घराचा नकाशा काढलेला, बाबांच्या खोलीवर फुली.

गाडी गेल्यावर मी रायफल रिकामी केली. पुन्हा पाहिलं. बोट घालून पाहिलं. भिंतीवर ठेवली. मग जमिनीवर बसले. बाबा लंगडत आले, शेजारी बसले आणि त्यांनी मला एक धिरडं भरवलं. एका बाजूनं कोळसा, एका बाजूनं कच्चं.

मार्लिस


डुलुथ
१७ ऑक्टोबर

माझ्या पोरी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मग शेजारणीला मोठ्यांदा वाचायला लावलं, मला ऐकू येत नसताना. कुणीतरी ते मोठ्यांदा बोलावं असं वाटलं.

तो दुसरा पाय. तू त्या दुसऱ्या पायाची वाट पाहिलीस.



ऑर्फा


ड्राय फोर्क
१४ डिसेंबर

प्रिय आत्या,

काल सुनावणी झाली. रॉइसनं सुटकेच्या अटी मोडल्या की नाही ते ठरवायला. त्याचा वकील गुळगुळीत बोलणारा होता. म्हणाला, माझा अशील शेजाऱ्याकडे पाणी मागायला गेला होता. मग माझ्याकडे वळला.

"बाई, बावन्न मिनिटं हा माणूस तुमच्या नेमात होता. तुम्ही एकही गोळी झाडली नाहीत. म्हणजे तुम्हाला धोका वाटलाच नाही, बरोबर?"

मी म्हटलं, "धोका होता म्हणून रायफल उचलली. तो ओंडक्यापाशी थांबला म्हणून झाडली नाही."

"पण तुम्ही तर अगदी शांत होतात, असं फोनवरच्या नोंदीत दिसतं. भीती वाटलेल्या माणसाचा आवाज असा असतो का?"

"भीती वाटली की. पहिल्या मिनिटापासून बावन्नाव्या मिनिटापर्यंत," मी म्हटलं. "पण मला काम होतं."

सुनावणी घेणाऱ्या बाईंनी लेखणी खाली ठेवली. वकील आपल्या जागी जाऊन बसला. रॉइसला उरलेली सहा वर्षं पूर्ण आत काढायची आहेत, आणि पेट्रोलच्या डब्यांचा खटला वेगळा उभा राहतोय.

आज शनिवार. गुडघाभर बर्फ होतं, तरी सकाळी खाणीत गेलो. एक नवीन बाई आल्या होत्या. बंदूक हातात घ्यायच्या आधीच त्यांनी विचारलं, "किती दिवसांत येतं?" मास्तरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं.

घरी येऊन ट्वायलाला फोन केला. ती ज्या गावात आहे तिथे तिचं नाव दुसरंच आहे, आणि घराचे पडदे दिवसाही ओढलेले असतात. निकाल सांगितला.  ती म्हणाली, "थांब हं जरा." तिनं फोन कुठेतरी ठेवला. मला तिची पावलं ऐकू आली, आणि पडद्याच्या कड्या सरकल्याचा आवाज आला. आधी जवळून, मग दुसऱ्या खिडकीचा, मग लांब कुठेतरी, तिसऱ्या खोलीतला.

तुझी,
मार्लिस